खारू देते. तुम्ही?

आत्याचं काम म्हणजे अवघडाचं सोपं करायचं. लहान मुलांच्या कॅन्सरवर नवी औषधं शोधणाऱ्यांना पैसा पुरवणाऱ्या एका संस्थेत ती नोकरीला. आता संशोधक मंडळी कितीही हुशार असली, तरी त्यांचं एकेक वाक्य असं, की शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात कुठे झाली होती हे माणसाने विसरावं. ते सगळं आत्याच्या टेबलावर येऊन पडायचं. ती ते वाचायची, परत वाचायची, चष्मा काढून कपाळाला हात लावायची आणि मग देणगीदारांना, आईबापांना, दाराशी बसणाऱ्या शिपायालाही कळेल अशा भाषेत उतरवायची. संस्थेत लहानथोर सगळे तिला आत्याच म्हणत. तिची सख्खी भाची वॉर्डात होती तेव्हा आजूबाजूच्या खाटांवरची पोरं तिला आत्या म्हणायला लागली, ते वॉर्डातून ऑफिसात आलं आणि चिकटलं ते चिकटलंच. भाची गेली, नाव राहिलं.

भाचीला घरात खारू म्हणत. तोंडात घास घेतला की गिळायचा नाही, एका गालात साठवून घरभर हिंडायचं, म्हणून खारूताई. आणि एवढ्याशा पोरीला ताई कोण म्हणणार, म्हणून नुसतीच खारू. तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली होती, पण तिचा चेहरा रस्त्यावरच्या अनोळखी माणसालाही ओळखीचा होता. संस्थेच्या प्रत्येक पत्रकावर, देणगीच्या डब्यांवर आणि ऑफिसच्या जिन्यातल्या भल्यामोठ्या पोस्टरवर खारूच होती. डोक्यावर केस नाहीत, गाल औषधाने फुगलेले, आणि हात पुढे करून धरलेला एककानी कापडी ससा. खाली मोठ्या अक्षरांत ओळ होती, ‘खारू देते. तुम्ही?’

ही ओळ आत्याचीच. गोष्ट खरी होती, तिने पदरचं एक अक्षर घातलं नव्हतं. आजारपणात खारूला आपल्या वस्तू देऊन टाकायचा नाद लागला होता. आधी तिने वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईंना फळाच्या वासाचं खोडरबर दिलं. मग चमचमणाऱ्या स्टिकरांचा अख्खा कागद, ज्यातलं एक स्टिकर एरवी ती मावसभावाने नाक घासलं तरी द्यायची नाही. मग लाल हेअरबँड. तेव्हा सगळे म्हणाले, केसच नाहीत तर पोर काय करणार त्याचं. शेवटी ससा. हा ससा उशाशी नसला तर खारू स्वतः झोपायची नाही आणि बापालाही झोपू द्यायची नाही. डॉक्टरीणबाई नको नको म्हणाल्या, तर पोरीने तो त्यांच्या कोटाच्या खिशात कोंबला आणि त्यांनी परत काढू नये म्हणून वरून हाताने दाबून धरला. नर्सबाई तोंड फिरवून रडल्या. एवढ्याशा जिवाला केवढी समज, असं जो तो म्हणाला. आत्याने ते जसंच्या तसं लिहिलं आणि त्या लिहिण्याने संस्थेचं भलं झालं. ससाही पुढे डॉक्टरीणबाईंनी संस्थेला देऊन टाकला. मीटिंगच्या खोलीत काचेच्या कपाटात मानचिन्हांच्या शेजारी तो बसून असे.

सुरुवातीला त्या पोस्टरसमोरून जिना चढताना आत्याचं पाऊल जड व्हायचं. पुढे होईना झालं. ती रडणारी बाई नव्हती. रडून काही होत नाही, काम केलं की काहीतरी होतं, असा तिचा हिशेब होता, आणि खरं सांगायचं तर हा हिशेब मांडताना ती स्वतःकडे फारसं बघायची नाही.

तिचा धाकटा भाऊ मात्र त्या जिन्याला कधी आलाच नाही. तो खारूचा बाप. लहानपणी काडीसारखा होता म्हणून घरात बारक्या. आता तो गाडीत बसला की गाडी त्याच्या बाजूला कलते, पण नाव तेच. त्याचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. छपरावर ‘शिकाऊ’ची पाटी लावलेली एक गाडी, तिच्यात शिकणाऱ्याला वेगळे आणि शिकवणाऱ्याला वेगळे क्लच-ब्रेक, आणि दिवसभर शेजारी बसलेला बारक्या. बहीणभावाचं येणंजाणं होतं, हसणंखिदळणंही होतं. पण खारूचा विषय निघाला की बारक्या ताकास तूर लागू द्यायचा नाही. उठायचा आणि गाडी पुसायला जायचा. इतकी पुसलेली गाडी त्या रस्त्यावर दुसरी नसेल.

असं सगळं आपापल्या जागी गुण्यागोविंदाने चाललेलं असताना बर्फवाल्यांचा प्रकल्प आला.

बर्फवाले म्हणजे एक संशोधक डॉक्टर. त्यांच्या प्रयोगशाळेत आजारी मुलांचे नमुने भल्यामोठ्या फ्रीजरांत गोठवून ठेवलेले असत, म्हणून शिपायाने त्यांचं हे बारसं केलं होतं. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा ते रागावले तर नाहीतच, उलट फोनवर स्वतःच ‘मी बर्फवाला बोलतोय’ म्हणायला लागले. माणूस भला. फक्त बोलायला लागला की ऐकणाऱ्याची झोप आणि जाग यांच्यात ओढाताण सुरू व्हायची.

त्यांचं म्हणणं असं. काही थोडी मुलं अशी असतात, की बाकीच्यांना बरं करणाऱ्या औषधाचा त्यांच्यावर काडीचा परिणाम होत नाही. अशा मुलांच्या हाडांतला मगज आजारपणात तपासायला काढलेला असतो, त्यातला उरलेला थोडा भाग फ्रीजरमध्ये आहे. त्याचा नीट अभ्यास केला तर पुढच्या मुलांसाठी दुसरं औषध शोधता येईल. पण तेव्हाची परवानगी फक्त तपासणीपुरती होती, आता आईबापांची नव्याने हवी. मुळात अशी मुलं थोडी. त्यातल्या बऱ्याच घरांनी नाही म्हटलं, तर अभ्यासात राम नाही, आणि मग संस्थाही पैसा देणार नाही. खारू त्या थोड्या मुलांतली एक होती.

बर्फवाल्यांच्या कागदात ‘नॉन-रिस्पॉन्डर्स’ असा शब्द होता. आत्याने तो नेहमीसारखा ‘उपचारांना प्रतिसाद न देणारी मुलं’ असा केला. त्यावर तिने घटकाभरही विचार केला नाही, आणि का करावा? पेपरात तेच छापतात. वॉर्डात तर त्याच्याही पुढे, तिथे सरळ रिस्पॉन्स. अमका रिस्पॉन्स देतोय, तमकी रिस्पॉन्स देत नाहीये, असं डॉक्टर मंडळी खाटेच्या पायथ्याशी उभं राहून दिवसभर बोलत असतात.

आईबापांची सभा सुट्टीच्या दिवशी सकाळी ठेवली. बारक्याने यावं म्हणून आत्याने त्याच्या विनवण्या केल्या. वहिनीने, म्हणजे त्याच्या बायकोने, आधीच सांगून टाकलं होतं, की त्यांचं हो असेल तर माझंही हो, नाही असेल तर मला मध्ये घालू नका. शेवटी बारक्या आला. जिन्याने नाही, मागच्या सामानाच्या लिफ्टने आला आणि दाराजवळची खुर्ची पकडून बसला. काचेच्या कपाटाकडे पाठ होईल अशी खुर्ची त्याने बरोबर शोधली होती.

बर्फवाले पडद्यावर चित्रं दाखवत बोलले. लोकांनी माना डोलावल्या. अशा वेळी मान डोलावण्याचा अर्थ काय असतो ते आत्याला पुरतं ठाऊक होतं. म्हणून ती उठली आणि म्हणाली, की एकदा आपल्या भाषेत सांगते. हेच तर तिचं काम.

“आपल्या ज्या मुलांनी उपचारांना प्रतिसाद दिला नाही,” ती म्हणाली, “त्यांनी तो का दिला नाही, त्यांच्यात नेमकं काय कमी होतं, ते या अभ्यासातून शोधायचं आहे.”

वाक्य सुटसुटीत होतं. आत्या मनातल्या मनात त्यावर खूशही झाली असेल. तेवढ्यात दाराजवळची खुर्ची सरकली आणि बारक्या उभा राहिला.

“आणखी किती द्यायचं तिने?” तो म्हणाला.

आवाज चढलेला नव्हता. रस्ता विचारावा तसं विचारलं त्याने. मग थोडा वेळ तो उत्तराची वाट बघत असल्यासारखा उभा राहिला आणि निघून गेला. लिफ्टचा दरवाजा बंद झाल्याचा आवाज खोलीत सगळ्यांनी ऐकला. पुढच्या रांगेत पिवळा स्वेटर घातलेली एक आई होती, तिने सही करायला काढलेलं पेन उघडलं होतं. ते तिने टोपण लावून पर्समध्ये ठेवलं. मग शेजारच्याने कागदाची घडी केली. ज्या पोरीच्या नावावर ही संस्था उभी, तिचा बापच नाही म्हणतो तर आपण कोण, असा सगळ्यांचाच चेहरा झाला. चहा तसाच गार झाला, बिस्किटांना कुणी हात लावला नाही. सही एकाचीही झाली नाही.

अध्यक्षबाई म्हणाल्या, बिचाऱ्याला पोरीचे हाल आठवले असतील, सुया काय कमी टोचल्या का तिला. बर्फवाले आपली वायर गुंडाळत राहिले. पुढच्या महिन्यात पैसा ठरवणारी समिती बसणार होती, तोवर ही घरं हो म्हणाली नाहीत तर त्यांचं घोडं तिथेच अडणार होतं, आणि त्या घोड्यावर पुढची कितीतरी पोरं बसलेली होती. आत्याला मात्र भावाचा सणसणून राग आला होता. नाही म्हणायचं तर घरी येऊन म्हण की! चारचौघांत मोठ्या बहिणीला तोंडावर पाडायचं काही कारण? पण रागाच्या आत कुठेतरी पाल चुकचुकत होती. बारक्या सुयांबद्दल बोलत नव्हता. ‘किती सोसायचं’ असं तो म्हणाला नव्हता, ‘किती द्यायचं’ म्हणाला होता. शब्दांवर पोट भरणाऱ्या बाईच्या कानातून ही गोष्ट सुटायची नाही.

बारक्याला बोलतं करायचं तर ते गाडीतच, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. शेजारी बसलेला माणूस रस्त्याकडे बघतोय आणि आपणही रस्त्याकडे बघतोय, अशा वेळीच त्याची जीभ सुटे. आत्याला गाडी येत नव्हती. शीक, शीक म्हणून तो कित्येक वर्षं मागे लागला होता आणि तिने दर वेळी, आता या वयात कुठे, म्हणून कानावर हात ठेवले होते. तिने फोन करून सांगितलं, की उद्या दुपारचा धडा माझा. मग तो म्हणाला, की चपला घालून येऊ नकोस, बूट घाल.

पहिला अर्धा तास नुसती फजिती. गाडी कधी बेडकासारखी उडे, कधी जागचीच हलेना. पण गाडीतला बारक्या म्हणजे वेगळाच प्राणी. एरवी भाजीत मीठ कमी पडलं तरी तोंड फुगवणारा हा माणूस इथे साखरेसारखा गोड. हळू सोड, अजून हळू, शाब्बास, आता आरशात बघ. गोदामांच्या मागच्या रिकाम्या रस्त्याने ते फेऱ्या मारत राहिले. हात जरा बसल्यावर आत्याने रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, की त्या दिवशी तू काय बोललास ते मला कळलं नाही, नीट सांग.

“सरळ बघ. डावीकडे घे,” बारक्या म्हणाला. मग म्हणाला, “तुझ्या पोस्टरात लिहिलंय ना, देते म्हणून. का देत होती माहितीये तुला?”

आत्या म्हणाली, की मनच मोठं होतं तिचं.

“मन कसलं मोठं? पोरगी एक नंबरची चिक्कू होती,” बारक्या म्हणाला आणि हे म्हणताना त्याला हसू आलं. “डॉक्टर खाटेपाशी यायचे आणि म्हणायचे, ही रिस्पॉन्स देत नाहीये. रोज तेच. देत नाहीये, अजून देत नाहीये. तिला रिस्पॉन्स कळत नव्हता गं ताई, पण देत नाहीये ते कळत होतं. तिला वाटलं, आपल्याकडे काहीतरी मागतायत आणि आपण देत नाही म्हणून बरं करत नाहीयेत. म्हणून खोडरबर दिलं. दुसऱ्या दिवशी परत तेच, रिस्पॉन्स देत नाहीये. मग स्टिकरं दिली. जरा आणखी चांगलं काहीतरी, जरा आणखी चांगलं, असं करत करत सशापर्यंत आली. मलाही काही कळलं नव्हतं. मीही तुमच्यासारखाच कौतुक करत बसलो होतो. ससा देऊन आली आणि मला जवळ बोलावून कानात म्हणाली, बाबा, आता तर ससापण दिला. आता तरी म्हणतील ना, दिला म्हणून?”

आत्याचा पाय क्लचवरून सुटला. गाडीने गचका खाल्ला आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. मागून एक टेम्पो येत होता, तो जोरजोरात हॉर्न वाजवायला लागला.

“काही नाही. गाडी बंद पडली,” बारक्या त्याच्या धड्यातल्या आवाजात म्हणाला. त्याने हात बाहेर काढून टेम्पोला पुढे जायची खूण केली. टेम्पोवाला जाता जाता काहीतरी लागट बोलून गेला, ते दोघांनीही ऐकून घेतलं.

आत्याचे हात स्टिअरिंगवरच होते. तिच्या डोळ्यांसमोर जिन्यातलं ते पोस्टर आलं. फोटो काढताना फोटोवाला म्हणाला होता, बाळ, ससा पुढे कर, अजून पुढे. आणि पोरीने केला होता. तिला काय वाटलं असेल तेव्हा, हा विचार आत्याच्या मनात आला आणि तिने तो मागे ढकलायचा प्रयत्न केला, पण या वेळी तो गेला नाही. तिने विचारलं, की मग तू तिला काय सांगितलंस.

“सांगितलं, म्हणाल्या म्हणून. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खारूने भरपूर दिला. खूश झाली. त्या दिवशी नीट जेवली.” बारक्या समोरच्या काचेतून बघत होता. “आणि आता तुम्ही परत तेच. का नाही दिला, काय कमी होतं. तिने काही हातचं राखलं होतं का ते फ्रीजरमध्ये शोधायचंय तुम्हाला. मी नाही देणार.”

मग सवयीने बारक्या म्हणाला, की न्यूट्रलला घे, चालू कर.

“मी बंद पाडली,” आत्या म्हणाली.

“गाडी बंद पडली.”

“अरे, पाय माझा सुटला. मीच पाडली.”

“असं म्हणायचं नसतं, ताई. शिकणाऱ्याला मी कधीच तसं म्हणत नाही. मी बंद पाडली असं एकदा डोक्यात बसलं, की माणूस पुढे जन्मभर घाबरत चालवतो. गाडी बंद पडली म्हणायचं आणि परत चालू करायची. गाडीचं काम आहे चालायचं. नाही चालली तर गाडीचं बघायचं.”

आत्या त्याच्याकडे बघायला लागली. आयुष्यभर अवघडाचं सोपं करत आलेल्या या बाईला, सोपं मुळात घरात पडलेलं होतं हे आत्ता कुठे आठवलं. त्यांची आई. दोघं लहानपणी तापाने फणफणली, की डॉक्टरची बाटली संपल्यावर ती कपाळावर हात ठेवून बघायची आणि ताप तसाच असला तर काय म्हणायची? पोर प्रतिसाद देत नाही, असं म्हणायची का? तिच्या तोंडात हा शब्द गेला असता तर घास अडकावा तसा अडकला असता.

“औषध लागू पडलं नाही, बारक्या,” आत्या म्हणाली. “खारूला औषध लागू पडलं नाही. आई म्हणायची तसं. औषधाचं काम होतं लागू पडायचं, ते पडलं नाही. खारूकडे कुणी काही मागत नव्हतं, तिने काही द्यायचं राहिलं नव्हतं. बर्फवाल्यांना तिची झडती घ्यायची नाहीये रे. त्या औषधाची घ्यायची आहे. ते का पडलं नाही लागू, एवढंच.”

गाडीत बसल्यावर बारक्या रस्त्यावरून नजर काढत नाही, गाडी उभी असली तरी. आता मात्र तो वळला आणि त्याने बहिणीकडे पाहिलं.

“मग तसं का नाही म्हणालीस तेव्हा?”

“सुचलं नाही,” आत्या म्हणाली. तेच खरं होतं.

तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. गाडी चालू करायला लावली, आरसा बघायला लावला, आणि तिला घरापर्यंत तिनेच चालवत न्यायला लावली. उतरताना बोलला ते एवढंच, की तुझा क्लच अजून कच्चा आहे.

दुसऱ्या दिवशी आत्या अध्यक्षबाईंच्या खोलीत गेली आणि जे झालं ते तिने जसंच्या तसं सांगितलं. अध्यक्षबाई मनाने चांगल्या, पण संस्था चालवायची म्हणजे मन जरा खिशात ठेवावं लागतं. त्या पोस्टरने आजवर जितकं आणलं तितकं दुसऱ्या कशानेच आणलं नव्हतं, आणि हे त्या बोलूनही दाखवायला निघाल्या होत्या. पण चष्मा पुसत बसल्या. मग म्हणाल्या, की उतरवा. शिपायाने शिडी आणली. पोस्टर इतकी वर्षं भिंतीवर होतं, की त्याच्यामागचा रंग नवाकोरा निघाला आणि बाकीचा जिना एकदम कळकट दिसायला लागला. डब्यांवरचे कागदही गेले. नवी ओळ काय लिहायची ते आत्याला सुचत नव्हतं, आणि एकदा का होईना, तिने तशीच कोरी जागा राहू दिली.

सभा परत बोलावली. या वेळी बर्फवाल्यांनाच आत्याने आधी बसवून तयार केलं होतं. ते म्हणाले, की माझ्या तोंडातून ‘नॉन’ निघालंच तर टेबलाखालून पाय मारा. निघालंच, आणि तिने मारलाही. मग ती उठली. खुर्च्या त्याच होत्या, माणसंही बहुतेक तीच. दाराजवळची खुर्ची रिकामी होती. तिने त्या खुर्चीकडे एकदा बघून घेतलं.

“मागच्या वेळी मी चुकीचं बोलले,” ती म्हणाली. “आपल्या मुलांना औषध लागू पडलं नाही. ते औषध का लागू पडलं नाही, हे या डॉक्टरांना शोधायचं आहे. चौकशी औषधाची आहे.”

पिवळ्या स्वेटरवाली आई आज निळ्या स्वेटरमध्ये होती. तिने हात वर केला, परत खाली घेतला, आणि मग बसूनच विचारलं.

“म्हणजे आमच्या मुलाने... त्याने जोर कमी लावला असं नाही ना? मी त्याला सारखं म्हणायचे, लढ, लढ.”

“नाही,” आत्या म्हणाली. “त्याच्या बाजूने काही कमी नव्हतं. औषध कमी पडलं.”

त्या बाईने मान खाली घातली. तिचा नवरा तिच्या पाठीवर हात ठेवून बसला, आणि मग पर्स उघडून पेन त्यानेच काढलं. सह्या होत गेल्या. सगळ्यांच्या नाही झाल्या. एका जोडप्याने, आम्हाला हे जमणार नाही, म्हणून हात जोडले आणि ते निघून गेले, त्यांना कुणी अडवलं नाही. पण बर्फवाल्यांच्या अभ्यासाला एवढ्या पुरणार होत्या. निदान ते तसं म्हणाले, आणि एका छोट्या वाक्यात म्हणाले, म्हणजे खरंच पुरणार असाव्यात.

खोली रिकामी होत आली तेव्हा बारक्या आला. जिन्याने आला. दम लागलेला होता, कारण शरीर भारी आणि जिन्याची सवय नाही. तो दाराजवळच्या खुर्चीवर बसला नाही, सरळ टेबलापाशी आला. बर्फवाले उठून उभे राहिले. त्यांनी बसायला खुर्ची पुढे केली. बारक्या बसला नाही.

“तिचं अजून थोडं आहे म्हणता ना तुमच्याकडे?” त्याने विचारलं.

“आहे. जपून ठेवलंय,” बर्फवाले म्हणाले.

“घ्या मग. पण खारूने दिलं असं कुठे म्हणायचं नाही. मी दिलं म्हणा, मी आणि तिच्या आईने दिलं. तिचं देऊन झालंय.”

बर्फवाल्यांनी मान हलवली. पुढे ते काही बोलले नाहीत आणि त्या दिवशी त्यांनी केलेली ही सगळ्यात शहाणपणाची गोष्ट होती. बारक्याने सही केली. वहिनीची जागा रिकामी होती, तिथे बोट ठेवून म्हणाला, की तिला संध्याकाळी घेऊन येतो. मग तो वळला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा काचेच्या कपाटाकडे तोंड करून उभा राहिला.

“ताई,” तो म्हणाला, “आणि तो ससा मी नेतो.”

कपाटाची किल्ली कुणाला सापडेना. अध्यक्षबाईंनी स्वतः खण उपसले. शेवटी ती किल्ली एका मानचिन्हाच्या मागेच निघाली. आत्याने दार उघडलं, सशाच्या पाठीवर बसलेली धूळ पदराने पुसली, तो एकच उरलेला कान सरळ केला आणि ससा भावाच्या हातात दिला. तेव्हा मात्र तिच्या डोळ्यांना धार लागली आणि ती तिने लपवली नाही. बारक्याने ससा जरा वेळ नुसता धरला. मग जाकिटाच्या खिशात कोंबला, वरून हाताने दाबून धरला आणि जिना उतरून गेला.